सातव्या भागातलं रडकं संत्रं

मोबाइलवरच्या खेळांतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या अमरावती विभागात कोणाला कळत नाही! हे वाक्य मागच्या दिवाळीपर्यंत मी रोज बोलायचो. आता फक्त अनोळखी लोकांसमोर बोलतो. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून बोललो.

मी ललित वानखडे. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, मी, आणि चित्रं काढणारा स्वप्निल. खाली दिवसभर त्रिकोणमिती चालते आणि वर आम्ही 'संत्रा छाटणी' नावाचा खेळ बनवतो; आमच्याकडे छाटणी म्हणजे लहान-मोठा माल निवडून वेगळा करणं. सहा वर्षांत सहा भाग! खेळ एकदम सोपा. वरून संत्री गडगडत येतात. मोठं संत्रं बोटानं डावीकडच्या कॅरेटमध्ये ढकलायचं, मधलं मधल्या, बारीक उजवीकडच्या. सडकं दिसलं की खाली टोपलीत. हळूहळू वेग वाढतो, आणि मग माणसाचा चहा थंड होतो, गॅसवरचं दूध उतू जातं, तरी बोट थांबत नाही.

हा खेळ मला सुचला सासुरवाडीला, वरूडला. माझ्या सासूबाई चतुराबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामी केशवरावांच्या संत्र्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षांपासून छाटणी करतात आणि तिथल्या बारा बायांच्या त्या मुकादम आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शेडात बसून नुसते त्यांचे हात पाहत राहिलो. तोंड शेजारणीशी बोलतंय, डोळे दारातल्या ट्रॅक्टरवर, आणि हात आपले डावीकडे, मधे, उजवीकडे! एक फळ चुकत नव्हतं. घरी आलो आणि तेच हात फोनमध्ये घातले. मामी साऱ्या वरूडला सांगतात, "त्या खेळात माहे हात हायेत. जवायानं टाकले."

सहा भागांत मी काय काय बदललं? खरं सांगू? कॅरेटचा रंग. दुसऱ्या भागात लाल, तिसऱ्यात पिवळा, आणि असं करत करत सहाव्यात परत पहिलाच निळा, कारण स्वप्निल म्हणाला, "दादा, रंग संपले." लोकांनी तोही आनंदानं खेळला.

पण एकानं घात केला. सहाव्या भागाखाली कोण्या महाभागानं एकच तारा देऊन लिहिलं, 'तेच ते! अजून किती वर्षं संत्री निवडायची?' त्याच्या वर-खाली शेकडो लोकांनी 'मस्त', 'असाच राहू द्या' असं लिहिलं होतं. ते मला दिसलंच नाही. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

माझी बायको प्रियदर्शनी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, त्यामुळे घरातही ती फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते.

"आपल्याकडच्या पंगतीत काय असतं?" तिनं विचारलं.

"रोडगे, वरण, वांग्याची भाजी."

"किती वर्षांपासून?"

"पहिल्यापासून."

"पंगतीतून उठून कोणी म्हणालं का, हे तेच ते?"

"अगं, ती भाजी आहे! मी कलाकृतीबद्दल बोलतोय!"

"वांग्याची भाजी कलाकृती नाही? करून दाखवा."

अशा माणसांशी वाद घालून उपयोग नसतो. मी सरळ ऑफिसात गेलो आणि टेबलावर हात आपटला. "स्वप्निल! सातवा भाग असा काढायचा की लोक पहिले सहा विसरले पाहिजेत! जुन्याचा मोह नको. सगळं उडव!"

"सगळं?"

"सगळं!"

स्वप्निल चित्रं सुंदर काढतो, पण त्याचा एक दोष आहे. त्याला जे सांगाल ते तो करतो.

सातव्या भागात मी संत्र्याला नाव दिलं. गोलू! गोलूला मन दिलं, भूतकाळ दिला. झाडावरून तोडला गेलेला गोलू मायझाडापासून दुरावतो, ट्रकात बसून परमुलखात जातो आणि परत यायची वाट शोधतो. सुरुवातीलाच अकरा मिनिटांची फिल्म! ती पाहिल्याशिवाय खेळ सुरू होत नाही आणि ती पुढे ढकलता येत नाही, कारण पुढे ढकललीत तर तुम्हाला गोलूचं दुःख कसं कळणार? गोलूचा आवाज मी स्वतः दिला. रडण्याचा प्रसंग तीनदा ध्वनिमुद्रित केला. तिसऱ्या वेळी खालचे गणिताचे सर वर येऊन विचारून गेले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

छाटणी ठेवली, पण तीही जुनी कशाला? बाजू उलटवल्या! मोठं संत्रं उजवीकडे, बारीक डावीकडे. खेळणाऱ्याला झटका बसला पाहिजे! आणि कोणी मागे वळून पाहू नये म्हणून पहिले सहाही भाग मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानातून काढून टाकले. ज्यांच्या फोनमध्ये जुना भाग होता, त्यांच्याकडे तो आपोआप सातवा होऊन बसला.

प्रकाशन मामींनी शेडमध्येच ठेवलं. आंबिया बहाराचा हंगाम, शेड संत्र्यांनी भरलेलं, तरी मामींनी तासभर काम थांबवून सगळ्यांना तर्री-पोहे दिले. फोन मोठ्या स्पीकरला जोडला. बारा बाया पोत्यांवर बसल्या. मागे भिंतीशी चादर घातलेलं एक मोठं धूड होतं. केशवरावांनी दोन वर्षांपूर्वी आणलेलं छाटणीचं मशीन. मामींच्या हातापुढे ते कधी सुरूच करावं लागलं नाही, म्हणून त्याच्यावर चादर होती.

फिल्म सुरू झाली. पहिली चार मिनिटं बाया पोहे खात पाहत होत्या. मग स्पीकरमधून माझं रडणं घुमलं.

गंगूबाई पोह्याचा घास हातात धरून म्हणाल्या, "मायबाई! हे संत्रं रडून काहून राहिलं?"

"फवारा जास्त झाला असंन," दुसरी म्हणाली.

"आवाज तं जवायाचाच हाय!" तिसरीनं ओळखलं.

मामींनी सगळ्यांकडे असं पाहिलं की स्पीकर सोडून सगळं गप्प झालं. पण मग त्यांनीच हळूच मला विचारलं, "जवाई, संत्रं रडते काहून?"

"त्यात कला आहे, मामी."

"हाव का? मंग चांगलं हाय," त्या म्हणाल्या. कडू निघालेल्या काकडीला पाहुण्यांसमोर चांगलं म्हणावं, तसं तोंड करून म्हणाल्या. मला तेव्हा कळलं नाही. कलाकार होतो ना मी!

पुढचे आठ दिवस मी हवेत होतो. खाली लोकांनी काय लिहिलं ते वाचायचं नाही असं ठरवलंच होतं. ('आमची छाटणी परत द्या' असं चारशे जणांनी लिहिलं होतं, हे नंतर कळलं.) मी फक्त आकडा पाहायचो, लोक किती वेळ खेळतात याचा. आणि वरूडचा आकडा असा फुगला होता की बस! रोज दुपारी एक ते दोन, सलग! एक माणूस वीस-वीस फेऱ्या!

"पाहिलंस?" मी प्रियदर्शनीला फोन दाखवला. "लोकांना बदल हवा असतो! वरूड पेटलंय!"

"वरूडमधली किती माणसं?"

"बारा."

तिनं बोटांवर बारा मोजून दाखवले. मी तेव्हाही समजलो नाही. आणि तेवढ्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, मामींचा फोन आला.

"जवाई, जुना खेळ परत द्या."

ना नमस्कार, ना चहापाणी. मामी असं कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, "काय झालं मामी?"

झालं असं होतं की मामींनी प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं होतं. "माह्या जवायाचा खेळ हाय. कोनाले आवडो का नाई आवडो, रोज जेवनावर वीस फेऱ्या खेळाच्या. कोनी मागं राह्यलं तं माह्याशी गाठ हाय!" बाया बिचाऱ्या मान खाली घालून खेळल्या. माझ्या प्रेमापोटी नाही, मामींच्या धाकापोटी. पण मनापासून खेळल्या. बारीक डावीकडे, मोठं उजवीकडे. आठ दिवस! आणि जेवण झालं की तेच हात घेऊन कामाला बसायच्या. पहिले काही दिवस निभावलं. आठव्या दिवशी हात फिरले!

छाटणीवाल्या बाया संत्र्याकडे पाहत नाहीत हो. त्या एकमेकींशी बोलतात, आणि हात आपलं आपलं करतात. त्याच हातांनी आदल्या दिवशी ट्रक गोलूच्या पद्धतीनं भरला. कॅरेटवरच्या चिठ्ठ्या आधीच लावलेल्या. सकाळी ट्रक बंगळूरला निघायच्या आधी केशवरावांनी कोण्या पाहुण्याला द्यायला 'मोठा माल' लिहिलेलं एक कॅरेट उतरवलं, तर आतून लिंबाएवढी संत्री निघाली! दुसरं उतरवलं, तेच. 'बारीक माल' उघडलं, तर आत नारळाएवढी फळं!

"एकतीस वर्सात माहं एक कॅरेट परत नाई आलं," मामी म्हणाल्या. "केशवराव म्हनतात, चार वाजेपर्यंत ट्रक सुधरून निघाला तं ठीक, नाई तं उद्यापासून मशीन. बारा जनींचं काम हाय, जवाई."

चादरीखालचं ते धूड डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"मग मामी, बघून बघून छाटा ना! बरोबर येईल!"

"पाहून छाटलं तं बरोबरच येते. पन एका कॅरेटले अर्धा तास लागते. चारशे कॅरेट हायेत. हाताले आपोआप झालं पाहिजे. अन् हाताले तुमच्याच खेळानं बिघडवलं, तं तुमच्याच खेळानं सुधरवा. पयला भाग पाठवा."

पहिला भाग! दुकानात परत चढवायला मंजुरी लागते, दोन-तीन दिवस जातात. पण मूळ प्रत होती, स्वप्निलच्या लॅपटॉपमध्ये. आणि स्वप्निल त्या दिवशी लॅपटॉपसकट अकोल्याला, स्वतःसाठी मुलगी पाहायला गेलेला! मी फोन लावला.

"स्वप्निल, पहिला भाग पाठव. आत्ताच्या आत्ता!"

"दादा," तो कुजबुजला, समोर बहुतेक कांदेपोहे आले होते, "पहिला कुठे आहे आता?"

"तुझ्याकडे!"

"सातव्याला जागा कमी पडत होती. फिल्म मोठी होती ना. मी सहाही उडवले."

"कोणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात, जुन्याचा मोह नको, सगळं उडव. मी विचारलं पण होतं, सगळं? तुम्ही म्हणालात, सगळं!"

त्याच्या मागून कोणीतरी विचारलं, "मुलाचे साहेब रागीट आहेत का?" मी फोन ठेवला आणि गाडीला किक मारली. राजापेठेच्या गर्दीतून मी कसा बाहेर पडलो ते मलाच माहीत. दोन तासांची वाट, आणि वाटेत दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. प्रत्येक झाडावरून मला गोलू पाहतोय असं वाटत होतं.

शेडात पोहोचलो तेव्हा निम्मा ट्रक उतरवलेला होता. केशवराव खुर्चीवर बसून घड्याळ पाहत होते. मशीनवरची चादर अर्धी सरकलेली. मी सरळ मामींसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "मामी, पहिला भाग जगात कुठेच नाही. मीच पुसला."

मामींनी माझ्याकडे न पाहताच पुढचं कॅरेट ओढलं, आणि ते जास्त लागलं.

"मी बसतो छाटायला!" मी बाह्या सरसावल्या. "सहा भाग बनवलेत मी!" आणि बसलो. दहा मिनिटांत मी आठ संत्री छाटली. त्यातली तीन चुकली, एक मांडीखाली फुटलं.

"उठा जवाई," मामी म्हणाल्या. "माल खराब होऊन राहिला."

तेवढ्यात मागून इंदूबाई बोलल्या. इंदूबाई म्हणजे गटातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या.

"बाई, राग नसन येत तं सांगतो..."

"बोल."

"माह्या फोनात थो रडका नाई येत. जागाच नाई फोनात. माह्याकडं जुना, पयलाच हाय. मी आठ दिवस थोच खेळून राह्यली. तुमच्या धाकानं सांगतलं नाई."

सगळं शेड इंदूबाईंकडे वळलं. त्यांच्या समोरचं कॅरेट पाहिलं. मोठा माल, बरोबर डावीकडे! आदल्या दिवशीच्या अख्ख्या ट्रकात बिनचूक कॅरेटं फक्त इंदूबाईंची होती. मामींनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या हुकूम मोडणाऱ्या बाईला छातीशी धरलं असेल.

फोन असा होता की त्याची काच जागोजागी तडकलेली, मागचं झाकण रबर बँडनं बांधलेलं. आणि चार्जिंग एक टक्का! चार्जर लावला तर लागेना. "वायर अशी वरून दाबून धरा लागते," इंदूबाई म्हणाल्या, "जराशी तिरपी. अंगठ्यानं. सोडली का बंद."

"जवाई," मामी म्हणाल्या, "तुमी वायर धरा."

आणि मंडळी, अमरावती विभागातला सगळ्यात मोठा खेळ-जाणकार दोन तास संत्र्याच्या शेडात उभा होता, दोन्ही हातांत फोन, अंगठ्यानं तिरपी वायर दाबून! एकेक बाई यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि दहा मिनिटं मीच धरलेल्या फोनवर पहिला भाग खेळायची. डावीकडे, मधे, उजवीकडे. अंगठा बधिर झाला तेव्हा मी जरासा हललो, तर गंगूबाई ओरडल्या, "हलू नका ना बाप्पा! वेग आला आता!"

शेवटी मामी आल्या. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही. त्या दारातल्या ट्रककडे पाहत खेळल्या. त्यांची बोटं काचेच्या तड्यांवरून फिरत होती आणि मला सहा वर्षांपूर्वीचे तेच हात दिसले. मी हे हात उलटे केले होते, आणि का, तर कोणीतरी एक तारा दिला म्हणून! लाज वाटली मला. सांगायला काय जातं, डोळ्यांत पाणीही आलं. ते पाहून केशवराव म्हणाले, "पाह्य, आता जवाईच रडून राहिले."

दीड वाजता बाया बसल्या आणि मग जे झालं ते मशीनलाही जमलं नसतं. गप्पा सुरू झाल्या, हशा सुरू झाला, आणि हात आपलं आपलं करू लागले. चाराला दहा कमी असताना शेवटचं कॅरेट चढलं, ताडपत्री बांधली, ट्रक निघाला. केशवराव उठले, मशीनपाशी गेले आणि त्यांनी चादर परत नीट ओढून घातली.

मी घरी आलो तो शहाणा होऊन. आठवा भाग पंधरा दिवसांत काढला. नवीन म्हणजे काय? काहीच नाही! हुबेहूब पहिला भाग. फक्त कॅरेट हिरवं. प्रियदर्शनीनं तो पाहिला आणि त्या दिवशी वांग्याची भाजी केली. मी तीन वेळा वाढून घेतली.

प्रकाशन परत शेडमध्येच. परत तर्री-पोहे. खेळ सुरू झाला, संत्री गडगडली, बाया हसत हसत बोटं फिरवू लागल्या. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, भरल्या मनानं पाहत होतो.

पाच मिनिटांनी गंगूबाईंनी मान वर केली. "अन् गोलू?"

"काढला!" मी अभिमानानं सांगितलं.

बाया थांबल्या. बाराच्या बारा! संत्री फोनात गडगडत राहिली.

"काढला मंजे?" मामींनी विचारलं. "त्याची माय सापडली का नाई?"

"मामी, ते... ते मी अजून लिहिलंच नव्हतं. आठव्या भागासाठी ठेवलं होतं."

"मंग हा आठवा न!"

"अहो पण तुम्हीच तर म्हणाला होतात, संत्रं रडतं काहून!"

"हाव. रडते काहून, असं इचारलं होतं," मामी म्हणाल्या. "तुमी सांगतलंच कुठं? आमी आठ दिवस रोज अकरा-अकरा मिनिटं त्याचं रडनं आयकलं. आता लेकरू तसंच परमुलखात सोडून देता का? हे पाहा जवाई, हात हायेत तसेच ठेवा, हाताले बोट लावू नका. पन त्याले मायजवळ न्या."

"अन् लवकर न्या," इंदूबाई म्हणाल्या, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य मला याचंच वाटलं, कारण त्यांच्या फोनात गोलू कधी आलाच नव्हता. प्रकाशनाच्या दिवसानंतर त्यांनी तो नुसता शेजारणीच्या तोंडून ऐकला होता.

मी तिथूनच स्वप्निलला फोन लावला. त्याचं लग्न ठरलं होतं, गडी खुशीत होता. "स्वप्निल, नववा भाग! छाटणी जुनी, पण गोलू परत आणायचा. सातव्यातली सगळी चित्रं काढून ठेव!"

पलीकडे स्वप्निल परत कुजबुजायला लागला.

"दादा, आठव्याच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, नव्याचा मोह नको..."

तर सातवा भाग आता जगात फक्त एका फोनमध्ये आहे. मामींच्या. बाकी सगळ्यांकडे तो आपोआप आठवा होऊन बसला, त्यांनी आपल्या फोनात होऊ दिला नाही. काल मी विचारलं तर म्हणाल्या, "आवाज तुमचा होता, मनून ठेवला." उद्या सकाळी तो उतरवून घ्यायला वरूडला निघतोय. मामींच्या फोनची वायरही आताशा तिरपी धरावी लागते म्हणे.